अनलंकृताचा आस्वाद आणि वारशाचा निकष : दिल्लीतील काँक्रीट वास्तू

काँक्रीटच्या वास्तूंविषयीच्या चर्चेत अर्धा निकाल संज्ञेनेच लावून ठेवलेला असतो. 'ब्रूटलिझम' या शब्दात इंग्रजीच्या अभ्यासकाला पाशवीपणा ऐकू येतो. वस्तुतः ल कॉर्बुझिएच्या मार्सेय येथील निवासी इमारतीशी (१९५२) निगडित असलेल्या 'बेताँ ब्रू' या फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच : कच्चे, संस्कार न केलेले काँक्रीट. रेनर बॅनमने १९५५ मधील लेखात या प्रवृत्तीची मांडणी केली. १९६६ मधील ग्रंथात, हे नीतितत्त्व की सौंदर्यतत्त्व, असा प्रश्न त्याने शीर्षकातच उपस्थित केला. दिल्लीतील वास्तूंचा विचार करताना या द्वंद्वात तिसरी संज्ञा आणावी लागते, ती म्हणजे टंचाई.

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, प्रगती मैदानावर 'एशिया ७२' हा व्यापारमेळा भरला. त्यासाठी वास्तुकार राज रेवाल आणि स्थापत्य अभियंता महेंद्र राज यांनी 'हॉल ऑफ नेशन्स' उभारला. आत एकही खांब नसलेले असे विशाल दालन अवकाशचौकटीच्या तत्त्वावर पेलायचे, तर जगभरची रूढ सामग्री म्हणजे पोलाद. येथे ते महाग आणि दुर्मिळ होते. मजुरांचे हात मात्र विपुल होते. म्हणून तीच चौकट सळया बांधून, सेंट्रिंग लावून, जागेवरच काँक्रीट ओतून घडवली गेली. तिच्या त्रिकोणी पोकळ्यांनी उन्हाला अडवले आणि जाळीच्या जुन्या परंपरेचे काम नव्या सामग्रीत केले. गिलाव्याचा अभाव ही येथे केवळ शैली नव्हती. वास्तू कशी आणि कोणत्या परिस्थितीत घडली, हे तिच्या पृष्ठभागावरच वाचता येत होते.

मंडी हाउस परिसरातील शिवनाथ प्रसाद यांचे श्रीराम सेंटर याच पिढीचे. वर्तुळाकार नाट्यगृह आणि त्याच्या शेजारी उचलून धरलेला तालमींचा ठोकळा, असे तेथे प्रत्येक कार्य आपला आकार उघडपणे सांगते. 'आशय' आणि 'अभिव्यक्ती' ही फारकत अशा वास्तूसमोर टिकत नाही.

एप्रिल २०१७ मध्ये 'हॉल ऑफ नेशन्स' पाडण्यात आला. त्या जागी उभ्या राहिलेल्या संकुलातील 'भारत मंडपम'चे उद्घाटन २०२३ मध्ये झाले. पाडण्यापूर्वी देशविदेशांतील वास्तुकारांनी विरोध केला; परंतु वारसा संवर्धन समितीने साठ वर्षांचा निकष पुढे केला, आणि ही वास्तू पंचेचाळीस वर्षांची होती. हा निकष वरवर तटस्थ दिसतो. २०१७ मध्ये तो लावल्यास १९५७ नंतरची प्रत्येक निर्मिती वारशाबाहेर पडते. मुघल घुमट आणि वसाहतकालीन स्तंभ इतिहासात जमा होतात. प्रजासत्ताकाने स्वतः घडवलेले जवळजवळ सर्वच 'अद्याप इतिहास नसलेले' ठरते. समकालीनांच्या मूल्यमापनासाठी काळाचे अंतर हवे, अशी भूमिका साहित्येतिहासातही घेतली जाते. तथापि उपेक्षित ग्रंथ ग्रंथालयात धूळ खात का होईना, पुढच्या वाचकाची वाट पाहू शकतो. पाडलेल्या वास्तूला ती सवलत नाही. न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने २०२२ मध्ये दक्षिण आशियाई वास्तुकलेचे प्रदर्शन भरवले, तेव्हा ही वास्तू केवळ दस्तऐवजांतून हजर होऊ शकली.

या हानीची खंत स्मरणरंजनात विरघळू देणे मात्र घातक ठरेल. काळवंडलेले पृष्ठभाग, गंजणाऱ्या सळया आणि तापणाऱ्या भिंती सोसणाऱ्या माणसाची तक्रार अरसिकता म्हणून झटकता येत नाही. शिवाय वास्तुकाराचे आणि अभियंत्याचे नाव उरले. पाट्या वाहणाऱ्यांची नावे उरली नाहीत. कच्च्या काँक्रीटवर फळ्यांचे ठसे उमटतात, ते याच अनाम श्रमाचे. आस्वादाची पद्धत हे ठसे वाचणारी असेल, तर बॅनमच्या प्रश्नातील नीती आणि सौंदर्य परस्परविरोधी उरत नाहीत. आणि वास्तूचे वय किती, यापेक्षा तिने कोणता काळ नोंदवून ठेवला आहे, हा प्रश्न संवर्धनाच्या विचारात अग्रक्रमाने येतो.