छांग-आनचे अनुवादगृह

निरनिराळ्या देशांची व भाषांची माणसे एका कामावर एकत्र आणणे ही आधुनिक व्यापाराची देणगी होय, असा समज रूढ आहे. धम्माच्या इतिहासापुढे तो टिकत नाही. इ. स. १४८ मध्ये पार्थियाचे भिक्खू आन शिगाओ चीनमधील लोयांग येथे आले. तेव्हापासून सूत्रांचा चिनी अनुवाद हे पार्थियन, कुशाण, भारतीय व चिनी माणसांचे सामायिक कार्य झाले.

परंतु शेजारी बसल्याने एकमेकांचे आकलन होतेच असे नाही. आरंभीच्या अनुवादकांनी वाचकांच्या सोयीसाठी ताओ मताचे शब्द उसने घेतले. बोधीस ‘ताओ’ व निर्वाणास ‘वू-वेई’, म्हणजे अकर्म, म्हटले गेले. दाओ-आन (३१२–३८५) या विद्वान भिक्खूंनी अशा ओढूनताणून जुळविलेल्या साम्यावर आक्षेप घेतला, तो योग्यच होता.

याहून गंभीर फेरफार सिगालोवाद सुत्तात झाला. पतीने पत्नीचा सन्मान करावा, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा. मालकाने सेवकास झेपेल तेवढेच काम सांगावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, असे पालि सुत्त सांगते. जपानी पंडित हाजिमे नाकामुरा यांनी दाखवून दिले आहे की, पत्नीचा सांभाळ करणारा पती जुन्या चिनी अनुवादात तिच्यावर हुकमत चालविणारा झाला. कन्फ्यूशियन कुटुंबव्यवस्थेस मूळ उपदेश पचणारा नव्हता. यास परसंस्कृतीचा आदर म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भाषा, वेश, आहार यांची भिन्नता ही एक गोष्ट आणि उच्चनीचतेची उतरंड ही दुसरी. दुसरीस पहिलीचे नाव देऊन अभय मागण्याची रीत आपल्या चांगलीच परिचयाची आहे.

इ. स. ४०१ मध्ये कुमारजीव छांग-आन येथे आले. पिता भारतीय, माता मध्य आशियातील कूचा राज्याची राजकन्या. ४०३ मध्ये प्रज्ञापारमितेचा अनुवाद सुरू झाला, त्या वेळचे वर्णन त्यांचे सहकारी सेंगरुई यांनी लिहून ठेवले आहे. मूळ ग्रंथ हाती धरून कुमारजीव तोंडी चिनी अर्थ सांगत. राजा याओ शिंग स्वतः जुना अनुवाद घेऊन ताडून पाही. पाचशेहून अधिक भिक्खू अर्थाची चर्चा करीत आणि नंतरच मजकूर लिहिला जाई. सद्धर्मपुंडरीक सूत्रात देव व मानव परस्परांस पाहतात, असा एक उल्लेख आहे. धर्मरक्षांचा जुना अनुवाद अर्थाने बरोबर पण बोलण्यास ओबडधोबड, असे कुमारजीवांना वाटले. तेव्हा दोघांची भेट व दर्शन सुचविणारी शब्दयोजना सेंगरुई यांनी पुढे केली आणि आचार्यांनी ती आनंदाने स्वीकारली. परक्या भाषेत शिष्याचा कान आपल्याहून तयार आहे, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. अर्थ मात्र त्यांनी सोडला नाही.

एक गोष्ट वगळता येत नाही. कुमारजीव स्वेच्छेने चीनमध्ये आले नव्हते. ३८४ मध्ये सेनापती ल्यू ग्वांगने कूचा जिंकून त्यांना बंदी केले व सुमारे १७ वर्षे ते लियांग प्रदेशात अडकून पडले. याओ शिंगनेही सैन्य पाठवूनच त्यांना आणले. राजगुरूचा मान त्यांना मिळाला. कूचाला ते पुन्हा परतले नाहीत.