चिल्लरीचा नाताळ

'मेनूदो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ लहान, बारीकसारीक. प्वेर्तो रिकोच्या बोलीत खिशातली चिल्लरसुद्धा. 1977 मध्ये एदगार्दो दियास या निर्मात्याने पाच मुलग्यांचा गायकसंघ उभा केला आणि त्याला हेच नाव दिलं. तीन मेलेन्देस भाऊ आणि दोन सायाबेरी भाऊ. पुढे सबंध लॅटिन अमेरिकेत या संघाचं वेड पसरलं आणि रिकी मार्टिन त्यातूनच पुढे आला, हे अनेकांना ठाऊक असतं. माझं कुतूहल मात्र त्यांच्या नाताळच्या ध्वनिमुद्रिकांविषयी आहे. 1979 मध्ये 'फेलिसिदादेस', 1980 मध्ये 'एस नाविदाद' आणि 1982 मध्ये 'फेलिस नाविदाद'. चार वर्षांत तीन!

हा उत्साह समजून घ्यायचा, तर त्या बेटावरचा नाताळ पाहायला हवा. तिथे नाताळचं गाणं ऐकण्याआधी अंगावर चालून येतं. मध्यरात्रीनंतर मित्रमंडळी एखाद्या झोपलेल्या घरासमोर दबकत जमतात आणि खूण होताच एकदम वाद्यं सुरू करतात. या फेरीला 'परांदा' म्हणतात. 'आसाल्तो' म्हणजे 'हल्ला' असंही तिचं नाव आहे. घरमालकाने दार उघडायचं, खाऊपिऊ घालायचं आणि मग स्वतःही त्या टोळीत सामील होऊन पुढच्या घरी जायचं. सोबतीला खाचांच्या भोपळ्यावर काडी घासून वाजवायचा ग्विरो, माराका आणि क्वात्रो. क्वात्रो म्हणजे चार. पण आजच्या या वाद्याला तारा दहा असतात, पाच जोड्यांत. गाणी 'आगिनाल्दो', आणि या शब्दाचा दुसरा अर्थ नाताळची भेटवस्तू. डोंगराळ भागातल्या हिबारो शेतकऱ्यांनी ती जपली. 1898 मध्ये बेट अमेरिकेच्या ताब्यात गेलं, सांताक्लॉज आला. तरी 6 जानेवारीचा तीन राजांचा सण टिकला आणि परांदाही.

या गाण्यांचं रेकॉर्डिंग मेनूदोच्याही आधी होत होतं. होसे फेलिसियानोचं 'फेलिस नाविदाद' 1970 चं. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये विली कोलोन आणि एक्तोर लावो यांनी 'आसाल्तो नाविदेन्यो' काढला. त्यात योमो तोरोचा क्वात्रो आहे. परक्या शहरातल्या स्थलांतरितांना घरची रात्र परत देणारी ती तबकडी, आणि मला ती फार थोर वाटते. मेनूदोच्या ध्वनिमुद्रिका त्या तोलाच्या नाहीत, हे सांगून टाकतो.

तरीही त्यांत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. नाताळची तबकडी हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने उत्तम माल, कारण ती शिळी होत नाही. दर डिसेंबरला पुन्हा बाहेर काढता येते. आपल्या दिवाळी अंकांनाही हे भाग्य नाही! पण ती गाणारी मुलं मात्र शिळी ठरत. आवाज फुटला, उंची वाढली, सोळावं लागलं की बाहेर, असा संघाचा नियम. जागेवर नवा मुलगा. स्थापनेच्या पाचांपैकी 1982 मध्ये एकटा रिकी मेलेन्देस उरला होता. परांदात टोळी घरागणिक वाढत जाते. इथे संख्या कायम पाचच्या आसपास, फक्त चेहरे बदलायचे.

ही मुलं सणाचा आनंद गात होती, तेव्हा ती कामावर होती. त्या कामाचे तास किती, हिशेब कोणाकडे, संध्याकाळी त्यांची काळजी कोण घेई, हे प्रश्न त्या काळी चाहत्यांना पडले नाहीत. 2022 मध्ये एका चार भागांच्या माहितीपटात माजी सदस्यांनी राबवून घेतल्याच्या आणि शोषणाच्या तक्रारी कॅमेऱ्यासमोर मांडल्या. त्यानंतर ती गाणी ऐकताना माझा कान सुरांपेक्षा आवाजाच्या कोवळेपणाकडे जातो.

1984 मध्ये रिकी मेलेन्देसही बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या मुलाचं नावही रिकीच, आडनाव मार्टिन. वय बारा, जन्म 24 डिसेंबरचा.