घरच्या बाकावरची रायफल : एका छंदाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते येथे सुतारकाम शिकवीत. अशा शिक्षकाच्या स्मृतिदिनी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बोलावयाचे, तर विषय हाताच्या कामाचा असावा असे मला वाटले. म्हणून मी थोडा अनपेक्षित विषय निवडला आहे. मोठ्या शिकारीची रायफल घरी हौसेने घडविण्याचा छंद अमेरिकेत विसाव्या शतकात वाढला. त्याचा हा इतिहास. बंदुकीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एखादे कसब कोठे रुजते, कोठे रुजत नाही आणि का, हे पाहण्यास हा छंद फार सोयीचा आहे, एवढेच माझे म्हणणे.

प्रथम 'घडविणे' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. हा हौशी कारागीर लोखंड वितळवून नळी ओतीत नसे. तो एखादी जुनी सैनिकी रायफल घेई. तिच्यातील काडतूस भरणारी व उडविणारी पोलादी यंत्रणा तेवढी ठेवी. नवी नळी तयार मिळे. ती बहुधा जाणकाराकडून बसवून घेई. त्याचा खरा जीव ओतला जाई तो दस्त्यात. अक्रोडाचा ठोकळा पटाशीने कोरावयाचा, पोलादाला काजळी फासून ते लाकडात बसवून पाहावयाचे, जेथे काळा डाग उमटेल तेथेच तेवढे लाकूड काढावयाचे, आणि पुन्हा बसवून पाहावयाचे. असे शेकडो वेळा केले म्हणजे लाकूड आणि पोलाद एकजीव होतात. भारी काडतुसाचा धक्का मोठा असतो. दस्ता नीट बसला नाही, तर तो चिरतो. मालकाच्या खांद्याला आणि मानेला जुळला नाही, तर नेमही चुकतो आणि खांदाही शेकतो. म्हणूनच मापाच्या दस्त्याचे एवढे महत्त्व.

ज्या यंत्रणेवर हा छंद उभा राहिला, ती बहुतांशी एका जर्मन माणसाची देणगी होय. ओबर्नडॉर्फ येथील पॉल मॉझर याची १८९८ ची रायफल जर्मन सैन्याने स्वीकारली. तिच्यातील लांब पोलादी आकडा काडतूस पेटीतून सुटताच त्याची कड पकडतो आणि रिकामे कवच बाहेर पडेपर्यंत ती सोडीत नाही. चाल करून येणाऱ्या रानरेड्यासमोर काडतूस अडकणे म्हणजे मरण. म्हणून शिकाऱ्यांनी या आकड्यावर फार विश्वास ठेवला. त्याच १८९८ साली क्युबातील युद्धात स्पॅनिश सैनिकांच्या हातांतील मॉझरच्या आधीच्या रायफलींनी अमेरिकनांना चांगलेच हैराण केले. त्या अनुभवातून अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली. ती मॉझरच्या इतकी जवळची होती की, अमेरिकन सरकारला मॉझर कंपनीला स्वामित्वधन द्यावे लागले.

थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतःसाठी शिकारी घाटाची एक स्प्रिंगफील्ड करवून घेतली आणि १९०९-१० च्या आफ्रिकेच्या सफरीत ती बरोबर नेली. त्या सफरीवरील त्यांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. ते वाचणाऱ्यांत न्यूयॉर्कचा सेमूर ग्रिफिन नावाचा एक कारागीर होता. धंदा लाकडी कपाटे-टेबले करण्याचा. बंदुकीशी संबंध हौसेपुरता. त्याने एक स्प्रिंगफील्ड मिळविली आणि तिला अक्रोडाचा दस्ता स्वतः केला. तो पाहून इतरांनी मागणी केली. पुढे टाउन्सेंड व्हेलेन या सेनाधिकाऱ्याने त्याची सांगड जेम्स हाउ या धातुकामातील जाणकाराशी घातली आणि १९२३ मध्ये 'ग्रिफिन अँड हाउ' ही पेढी निघाली. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी आपल्या आफ्रिकेच्या सफरीत वापरलेली स्प्रिंगफील्ड याच पेढीची होती. एका सुताराची फावल्या वेळातील हौस देशातील नामांकित पेढी झाली, ही गोष्ट आपल्या गुरुजींना निश्चित आवडली असती.

पण एका ग्रिफिनने छंद पसरत नाही. त्याला तीन गोष्टी लागल्या: स्वस्त साहित्य, कायद्याची मोकळीक आणि ग्रंथ.

साहित्य युद्धांनी पुरविले. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेत १९१७ च्या नमुन्याच्या वीस लाखांहून अधिक रायफली बनल्या. त्यांची यंत्रणा बोजड, पण एवढी ऐसपैस की हत्ती-रेड्यांसाठी लागणारी लांब काडतुसेही तिच्यात सामावून घेता येत. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मॉझरांचे ढीग बाजारात आले. ब्रिटिश घराण्यांची जुनी काडतुसे, म्हणजे १९११ चे रिग्बीचे ४१६ बोअर किंवा १९१२ चे हॉलंड अँड हॉलंडचे ३७५ मॅग्नम, साध्या मॉझरच्या मानाने लांब होती. विंचेस्टर कंपनीने १९५६ मध्ये ४५८ बोअरचे काडतूस काढले, ते मात्र सामान्य लांबीच्या यंत्रणेत बसणारे होते. त्यामुळे शिपायाच्या जुन्या रायफलीतून हत्तीची रायफल करणे साध्या माणसाच्या आवाक्यात आले. संस्थानिकाला लंडनच्या पेढीत वर्षभर थांबून जे मिळे, ते गिरणीतला फिटर स्वतःच्या कोठारात करू लागला. आफ्रिकेला जाण्याचे भाग्य त्यांतील फार थोड्यांना लाभले. पण रायफल मात्र त्यांनी तयार ठेवली. पुढे १९६८ च्या कायद्याने टपालाने बंदुका मागविण्याची आणि परदेशी सैनिकी माल आणण्याची वाट तेथेही अरुंद केली.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट. क्लाइड बेकरचा बंदूककामावरील ग्रंथ १९२८ मध्ये निघाला. जेम्स हाउचे दोन खंड १९३४ मध्ये. विस्कॉन्सिनमधील अल्विन लिंडेन या दस्ते करणाऱ्या कसबी माणसाने आपली पद्धत पुस्तिकांतून उघड केली. बापाने मुलाला आणि उस्तादाने शागिर्दाला कानात सांगावयाची विद्या छापील अक्षरांत आली आणि ज्याला वाचता येते त्याची झाली. कसब ग्रंथात उतरल्यावाचून त्याचा छंद होत नाही. तो कुळाचा धंदाच राहतो.

आता आपल्याकडे वळू. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आले, दस्ता फारसीतून आला, नळी घरचीच. तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणारे हात आपल्याकडे होते. उत्तम सुतार, लोहार होते. मग हा छंद येथे का रुजला नाही? एक मोठे उत्तर १८७८ च्या शस्त्रकायद्यात आहे. परवान्यावाचून हत्यार बनविणे हा देशी माणसाला गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र नियमांनी मोठी सूट होती. सरकारची धास्ती एवढी की, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ४५० बोअरच्या रायफलींची व काडतुसांची आयातच बंद केली गेली, कारण जुन्या सैनिकी मार्टिनी-हेन्री रायफलींना ती कामी येतील अशी भीती होती. त्या बंदीमुळे ब्रिटिश कारागिरांना ४७० आणि ४६५ बोअरची नवी काडतुसे काढावी लागली. येथल्या राजकीय भयाने तिकडच्या कारागिरीला वळण दिले, ही मौज इतिहासाने नोंदविण्यासारखी आहे.

याच काळात, १९०७ साली, चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना रिग्बीची २७५ बोअरची रायफल भेट मिळाली. तिची यंत्रणा मॉझरची, आणि काडतूस म्हणजे क्युबात स्पॅनिश सैनिक वापरीत तेच, इंग्रजी नावाने. ओबर्नडॉर्फ, सँटियागो आणि कुमाऊं एका पोलादी आकड्याने जोडले गेले. पुढे कॉर्बेट वाघांच्या रक्षणासाठीच लिहू-बोलू लागले.

स्वतंत्र भारतानेही १९५९ च्या कायद्याने हत्यार बनविण्यावरील नियंत्रण कायम ठेवले. वाघाची शिकार १९७० मध्ये बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. हे योग्यच झाले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. वाघ उरला आहे तो या बंदीमुळे, आपल्या दिलदारपणामुळे नव्हे. तेव्हा हा छंद आपल्याकडे नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही.

दुःख असलेच, तर निराळ्या गोष्टीचे आहे. कायद्याने केवळ हत्यारापुरती वाट अडविली होती. दारे, वाद्ये, घड्याळे, सूक्ष्मदर्शके यांना कोणी मना केले नव्हते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये वडोद्यात कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी तेथे देशी भाषेतून धंदेशिक्षणाचा पाया घातला, तो याच जाणिवेने. ती जाणीव आपण पुरेशी जोपासली नाही. कवितेवरचे प्रबंध आम्ही पुष्कळ लिहिले. दस्ता कोरण्याची, सांधा जुळविण्याची, पाणी देण्याची मराठी भाषा कारागिराबरोबर मसणात जाऊ दिली. भाषेचा अभ्यासक म्हणून ही हानी मला काव्याच्या हानीइतकीच मोठी वाटते.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत अनेकजण कारखान्यांत, कार्यशाळांत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या हाताला जे येते, ते आपल्या भाषेत, आपल्याच शब्दांत लिहून ठेवा. दहा पाने लिहा, पण पुढच्या मुलाला ती वाचून बाकाशी उभे राहता आले पाहिजे. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.