काटकसर कोणाची?

कमी वस्तूंत जगा, काही वाया घालवू नका, पृथ्वी वाचवा, असे शहाणी माणसे सांगत असतात. सांगणे खोटे नाही. पण ते कोणाला सांगायचे, हे ठरवण्यापूर्वी घोडेगावच्या पश्चिमेचा डोंगर एकदा पाहावा.

या डोंगरातले महादेव कोळी हिरडा वेचून विकतात. हिरडा औषधाला लागतो, तसा कातडे कमावण्यालाही. जुन्या गावगाड्यात मेलेले जनावर महाराने ओढायचे, कातडे ढोर समाजाने कमवायचे, चांभाराने त्याच्या मोटा-वहाणा करायच्या. आज ज्या पुनर्वापराचे कौतुक होते, तो आपल्याकडे जातीच्या सक्तीवर चालत होता. मोबदल्यात बलुते, आणि बलुत्याबरोबर विटाळ! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले. ती उधळपट्टीची शिकवण होती काय? १९४५ साली त्यांनी गांधीवादातल्या साधेपणावर टीका केली, तीही याच अनुभवावरून. यंत्र नाकारले तर कष्टकऱ्याला विसावा कोठून मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता.

आदिवासींची कथा वेगळी, पण शेजारचीच. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचे आणि त्या राखेत नाचणी-भाताची रोपे करायची, ही राबाची शेती. १८७८ च्या वनकायद्यानंतर राबावर बंधने आली. ती इतकी जाचली की ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारींसाठी मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गावच पाण्याखाली गेले. पाणी खालच्या बागायतीला मिळाले. निसर्गाकडून ज्यांनी सर्वांत कमी घेतले, त्यांच्याच जमिनी या विकासाने मागितल्या.

तरी ती माणसे थांबली नाहीत. ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी राहिली. उतार फोडून, दगडी बांध रचून भातखाचरे करण्याची पडकई ही त्यांची जुनी रीत. एकमेकांच्या रानात मिळून राबायचे. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती गाळपेर. जलाशयाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात, एकेकाळी आपल्याच असलेल्या जमिनीवर, हे विस्थापित पीक घेतात. पाणी केव्हा ओसरायचे, हे मात्र ते ठरवीत नाहीत.