गवती टोपीतला कप्तान

मुंबईच्या इतिहासात १८६१ ते १८६५ ही वर्षे कापसाच्या तेजीची म्हणून प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसाकडे वळल्या. शाळेत हे वाचताना मला फक्त कापसाचे भाव दिसले. त्या कोंडलेल्या बंदरांत माणसांचेही भाव होत होते, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. त्यांतल्याच एकाची ही हकिकत.

रॉबर्ट स्मॉल्स १८३९ साली साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्ट गावी गुलाम म्हणूनच जन्मला. पोरवयातच धन्याने त्याला चार्ल्स्टनला कामाला लावले. घाम त्याचा, मजुरी बहुतेक धन्याची. बंदरावर राबता राबता तिथल्या पाण्याचा ठाव त्याला तोंडपाठ झाला. हॅना नावाच्या गुलाम स्त्रीशी त्याने संसार थाटला. बायको आणि मुलगी विकत घेऊन सोडवावी, म्हणून तिच्या धन्याशी बोलणे केले. किंमत ठरली ८०० डॉलर. गाठीला होते १००! धन्याच्या मनात आले, तर तो मायलेकरांना उद्या दोन दिशांना विकू शकत होता. स्मॉल्सच्या जिवाला घोर होता तो हाच.

यादवीत तो 'प्लँटर' या दक्षिणेच्या लष्करी आगबोटीचे सुकाणू धरी. काम पायलटचे, पण काळ्या माणसाला तो हुद्दा देत नसत. १२ मे १८६२ च्या रात्री तिन्ही गोरे अधिकारी हुकूम मोडून किनाऱ्यावर झोपायला गेले. बोटीवर तोफा चढवलेल्या होत्या. पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्सने आणि त्याच्या सोबत्यांनी बॉयलर पेटवला, दक्षिणेची निशाणे नेहमीसारखी चढवली आणि वाटेत एका ठिकाणी थांबून आपली बायकामुले वर घेतली. पकडले गेलो तर जिवंत हाती लागायचे नाही, बोटीसकट बुडायचे, असा सर्वांचा निश्चय होता.

पुढे किल्ल्यांमागून किल्ले. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ओढली आणि त्याच्याच ऐटीत तो उभा राहिला. साडेचारच्या सुमारास सम्टरचा किल्ला आला. ठरलेली शिटी वाजली. पहारेकऱ्याला वाटले, कप्तानच चालला आहे! तोफांच्या टप्प्याबाहेर पडताच निशाणे उतरली आणि त्यांच्या जागी पांढरी चादर चढली. समोर उत्तरेचे 'ऑनवर्ड' जहाज तोफा रोखून सज्ज होते. चादर वेळेवर दिसली, म्हणून सारे वाचले.

सरकारने स्मॉल्सला १५०० डॉलर बक्षीस दिले. पण ८०० डॉलरचा तो सौदा आता उरलाच नव्हता. पुढे तो त्याच 'प्लँटर'चा कप्तान झाला, काँग्रेसवर निवडून गेला. ज्या घराच्या आवारात तो गुलाम म्हणून जन्मला, ते जुन्या धन्याचे घर त्याने विकत घेतले आणि १९१५ साली तिथेच देह ठेवला.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. मुंबईचे व्यापारी त्या युद्धात कापसाचा भाव वाचत होते. पुण्यात एका माणसाने त्यातला माणूस वाचला. वाचकहो, ती अर्पणपत्रिका पाहिली की मला आता भाव आठवत नाहीत. पहाटेच्या धुरकट उजेडात वर चढणारी ती पांढरी चादर तेवढी दिसते.