तगरचं कापड, दक्षिणेचा बर्फ आणि भाड्याचं जहाज

आजचा भाग बर्फात घुसणाऱ्या जहाजावर आहे. आणि सुरुवात होणार आहे धाराशिव जिल्ह्यातून. आता तुम्ही म्हणाल, उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट बघावी लागते, तिथे जहाज कुठून आलं? सांगतो.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. वारकऱ्यांना ते संत गोरोबा काकांचं गाव म्हणून माहीत. इतिहासात मात्र त्याचं आणखी एक नाव आहे, तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून व्यापार करणाऱ्या कुणा ग्रीक भाषिकाने ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण लिहून ठेवलं. त्यात तो म्हणतो, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर आहे. तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात येते. हे तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर बरेच दिवस वाद होता. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच आहे असं मांडलं आणि पुढे उत्खननांनी त्याला बळ दिलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली.

म्हणजे किनारा नसलेल्या या गावाचा माल समुद्रापार जात होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कापड आपलं, गाडी आपली, बैल आपले. भडोचला आलेली परदेशी जहाजं मात्र दुसऱ्यांची होती. आणि म्हणूनच तगरच्या या व्यापाराची नोंदसुद्धा त्या दुसऱ्याच्याच वहीत आहे. विणकराने काय लिहिलं असतं, ते आपल्यापर्यंत आलेलंच नाही.

ती जहाजं कशाच्या जोरावर यायची? मोसमी वाऱ्याच्या. जो वारा त्यांना आणायचा, तोच वारा आजही आपला पाऊस आणतो. आता हा वारा कुठून निघतो ते बघू. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, मादागास्करच्या पूर्वेला, जास्त दाबाचा एक पट्टा असतो. हवामानशास्त्रात त्याला मास्करीन हाय म्हणतात. तिथून सुटलेला वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि अरबी समुद्राची वाफ घेऊन आपल्याकडे येतो. सह्याद्री ओलांडल्यावर जे उरतं, ते धाराशिवच्या वाट्याला. मास्करीन हाय कधी जोरात असतो, कधी ढिला पडतो. त्यामागे आणखी दक्षिणेचा, अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र आणि तिथला बर्फ किती जबाबदार, हा आजच्या संशोधनाचा विषय आहे. सोयाबीन कधी पेरायचं या प्रश्नाचा एक धागा असा थेट बर्फापर्यंत जातो.

त्या बर्फापर्यंत आपण पहिल्यांदा पोचलो ते १९८१-८२ मध्ये. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून २१ जणांची तुकडी निघाली. नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. मोहिमेचा फारसा गाजावाजा केलेला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी ही माणसं अंटार्क्टिकावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतली. जहाज कुठलं? ‘पोलार सर्कल’. नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं.

१९८३ च्या डिसेंबरात तिसरी मोहीम निघाली, ती ‘फिनपोलारिस’ या फिनलंडच्या जहाजावरून. या मोहिमेत दोन भारतीय स्त्रिया पहिल्यांदा अंटार्क्टिकावर पोचल्या. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या अदिती पंत. जन्म नागपूरचा, घराणं औंध संस्थानचं, शिक्षण पुणे, हवाई आणि लंडन. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती हा त्यांचा विषय. याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिलं भारतीय केंद्र उभं राहिलं. पुढे ते बर्फाखाली गाडलं गेलं. त्याआधीच खडकाळ जमिनीवर ‘मैत्री’ बांधून झालं होतं, आणि २०१२ मध्ये ‘भारती’ हे तिसरं केंद्र सुरू झालं.

केंद्रं आपली झाली. जहाज मात्र भाड्याचंच राहिलं. कधी स्वीडनचं, कधी जर्मनांचं, कधी रशियाचं. मोहिमा पुढे केप टाउनहून जायला लागल्या. करोनाच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, चाळिसावी मोहीम पुन्हा गोव्याहून निघाली, तीही रशियाच्या ‘वासिली गोलोव्निन’वरून. चाळीस मोहिमा झाल्या, बंदर तेच आणि पद्धतही तीच.

आता कुणी म्हणेल, भाड्याने काय बिघडलं? लग्नाच्या वऱ्हाडासाठी कुणी बस विकत घेत नाही. प्रश्न रास्त आहे. १९८१ साली तोच शहाणपणाचा निर्णय होता. जहाज बांधत बसलो असतो तर पुढची दहा वर्षं गेली असती. १९८३ मध्ये अंटार्क्टिक करारात शिरून सल्लागार देशाचा दर्जा मिळाला, तो आपण तिथे आधी पोचलो होतो म्हणून.

पण भाड्याच्या जहाजाचं काम काय असतं? डिझेल, धान्य, यंत्रं आणि माणसं पोचवणं. ते मालवाहू जहाज आहे. भाड्याचा मीटर रोज पडतो. वाटेत शास्त्रज्ञाला वाटलं, की इथे थांबून चार हजार मीटर खोलवर उपकरण सोडावं, तापमान आणि खारेपणा मोजावा, तर तासन्‌तास एका जागी उभं राहावं लागतं. माल पोचवायच्या घाईत ते बसत नाही.

ध्रुवीय संशोधन जहाज ही वेगळीच जात आहे. पुष्कळांना वाटतं, असं जहाज सुरीसारखं बर्फ कापत जातं. तसं नसतं. त्याचं नाक खालून तिरकं असतं. ते बर्फावर चढतं आणि स्वतःच्या वजनाने तो मोडतं. पोलाद जाड लागतं आणि कडाक्याच्या थंडीत न तडकणारं लागतं. गंमत म्हणजे बर्फासाठी केलेलं हे गोलसर पोट मोकळ्या समुद्रात भयंकर डोलतं. शिवाय इंजिन शांत हवं, नाहीतर ध्वनिलहरींनी तळ मोजता येत नाही. आणि काही जहाजांच्या पोटात चक्क एक विहीर असते, आरपार. भोवती बर्फ असला तरी त्या विहिरीतून उपकरण पाण्यात सोडता येतं.

जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ १९८२ पासून हे काम करतंय. म्हणजे आपण पहिल्यांदा गेलो त्याच वर्षापासून. चीनने १९९३ मध्ये युक्रेनकडून ‘शुएलोंग’ विकत घेतलं आणि २०१९ मध्ये ‘शुएलोंग २’ स्वतःच्या देशात बांधलेलं सेवेत आणलं. २००२ च्या जूनमध्ये ‘माग्दालेना ओल्डेनडॉर्फ’ हे मालवाहू जहाज शंभराहून अधिक माणसांसह अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं. तेव्हा ऐन हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेचं ‘आगुल्हास’ निघालं आणि हेलिकॉप्टरने बहुतेकांना बाहेर काढलं. घरचं जहाज असलं की असं निघता येतं.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. १९८३ चं ‘सागर कन्या’ आहे, पण ते मोकळ्या समुद्राचं. २००८ मध्ये इटलीत बांधलेलं ‘सागर निधी’ आलं. त्याचं पोट बर्फासाठी मजबूत केलेलं आहे आणि ते ६६ अंश दक्षिणेपर्यंत जाऊन आलंय. पण बर्फ फोडत आत जाणं हे त्याचं काम नव्हे.

ते काम करणारं जहाज घ्यायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे १,०५१ कोटी. निविदा निघाली, पण व्यवहार तडीस गेला नाही. २०२३ मध्ये संसदेत तोच विषय परत आला, तेव्हा आकडा सुमारे २,६०० कोटींवर गेला होता. आणि जून २०२५ मध्ये ऑस्लोमध्ये कोलकात्याच्या ‘गार्डन रीच’ या सरकारी जहाजबांधणी कंपनीने नॉर्वेच्या ‘कोंग्सबर्ग’शी सामंजस्य करार केला. आराखड्याला हातभार त्यांचा, बांधणी भारतात. पहिलं जहाज ज्या देशाकडून भाड्याने घेतलं, त्याच देशाकडून आता बांधायची विद्या घ्यायची आहे. यात कमीपणा काही नाही. विद्या घ्यावी, आणि लवकर घ्यावी.

लवकर का, ते सांगून थांबतो. आपल्या मोहिमा तिथल्या उन्हाळ्यात जातात, डिसेंबर ते मार्च. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. त्या महिन्यांत तिथे हिवाळा असतो, आणि सप्टेंबरपर्यंत समुद्रावरचा बर्फ पसरत पसरत भारताच्या पाच पटींहून मोठा होतो. म्हणजे आपल्या पावसाच्या दिवसांत तिकडच्या समुद्रात काय चाललंय, ते आपण जहाजाने जाऊन बघतच नाही. उपग्रह वरून बर्फ दाखवतो, पण बर्फाखालचं पाणी मोजायला कुणीतरी तिथे जावं लागतं. कुठे थांबायचं, किती दिवस थांबायचं आणि वहीत काय टिपायचं, हे ज्याचं जहाज तो ठरवतो. तगरच्या विणकराला ही मुभा नव्हती. तेरणेकाठच्या शेतकऱ्याच्या पावसाची वही तरी आपल्या हातात असावी, एवढंच.