मोरा-उरण व उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती समाज

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच समोरच्या किनाऱ्यावर मोरा बंदरास लागते, आणि तेथून उरण गांव जवळच आहे. उरण पूर्वीं पनवेल तालुक्याचा पेटा होता. तो तालुका १८८३ सालीं ठाण्याकडून कुलाबा जिल्ह्याकडे गेला. आज उरण हा रायगड जिल्ह्यांतील स्वतंत्र तालुका आहे. जुन्या फिरंगी व इंग्रजी कागदांत या सर्व भागास करंजा बेट असें म्हटलें आहे, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें. उरणचें नांव दिसत नाहीं एवढ्यावरून पुष्कळ उपयुक्त कागद बाजूस पडतात. गांवालगतच्या द्रोणागिरीवर फिरंगी अमदानींतील चर्चचे अवशेष आहेत. ते पाहून कोणीही म्हणेल कीं राज्य गेलें आणि धर्मही गेला. राज्य गेलें खरें. पण उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती समाज गेला नाहीं. तो कशाच्या आधारानें टिकला, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेत आहों.

गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ च्या अखेरीस वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेव्हांपासून सुमारें दोनशें वर्षें हा प्रांत त्यांच्या हातीं होता. त्या काळांत देवळें पडलीं, लोक बाटवले गेले, आणि १५६० सालीं गोव्यांत सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा धाक इकडेही होता. अणजूरच्या गंगाजी नाइकासारख्या माणसांनीं पेशव्यांकडे गाऱ्हाणें नेलें तें उगाच नव्हे. यांतील कांहींच झांकण्याचें कारण नाहीं. परंतु दोनशें वर्षें म्हणजे सात-आठ पिढ्या. पहिल्या पिढीवर जें लादलें गेलें तें सातव्या पिढीला वाडवडिलांचें वाटूं लागतें, ही गोष्ट मराठी बाजूचे लेखक सोडून देतात. आणि १७३९ नंतर ख्रिस्ती प्रजेचा केवळ छळच झाला असें लिहिणारे पोर्तुगीज बाजूचे लेखक त्या वर्षाचा करारनामाच सोडून देतात.

१७३७ सालीं ठाणें घेऊन सुरू झालेल्या मोहिमेची समाप्ति मे १७३९ मध्यें वसई पडून झाली. वसईच्या शिबंदीनें शस्त्रें, निशाणें व वाद्यें यांसह बाहेर पडावें, कुटुंबांनीं मालमत्ता घेऊन जावें, आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांनीं आपला धर्म मोकळेपणानें आचरावा, हें चिमाजी आपांनीं मान्य केलें. यांत औदार्य होतें तसा व्यवहारही होता. भात पिकविणारा कुणबी, मीठ पिकविणारा आगरी आणि जाळें टाकणारा कोळी निघून गेला, तर जिंकलेल्या मुलुखाचा वसूल कोणी द्यावा? सरकारास रयत हवी होती. ती कोणत्या देवास भजते हा प्रश्न दुय्यम होता. चर्चच्या जमिनी व उत्पन्नें मात्र गेलीं, आणि घंटाही गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१ हें साल आहे, तर वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७. हीं ओतकामाचीं सालें आहेत, लुटीचीं नव्हेत. घंटेवरील साल विजयाचें समजून लिहिलेलीं टिपणें अद्यापि वाचावयास मिळतात, म्हणून हा खुलासा केला.

युरोपियन पाद्री शिबंदीबरोबर निघून गेले. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील महत्त्वाची घटना हीच होय. तोंवर गांवोगांवचीं चर्चें बहुतांशीं फ्रान्सिस्कन आदि संघांच्या गोऱ्या साधूंकडे होतीं. देशी पाद्री हाताखालीं असे. आतां गोव्याहून आलेल्या काळ्या वर्णाच्या देशी पाद्र्यांवर सर्व भार आला, आणि त्यांच्यावरील मुख्य पाद्री कुर्ल्यास राहूं लागला. हे लोक गरीब होते व उत्पन्नही तुटपुंजें होतें, पण रयतेचें बोलणें त्यांस कळत होतें. आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच पंडित १७६० च्या सुमारास साष्टींतून गेला, तेव्हां ठाण्यास ख्रिस्ती सण हजारों लोकांच्या समुदायांत उघडपणें साजरा होत असलेला त्यानें पाहिला. वसई पडून वीस वर्षें लोटलीं होतीं आणि अंमल मराठ्यांचा होता.

खाडीपलीकडे मुंबईंत काय चाललें होतें तेंही पाहावें. तेथें राज्य ख्रिस्ती इंग्रजांचें. त्यांनीं १७२० सालीं फ्रान्सिस्कनांस काढून रोमच्या बाजूचे कार्मेलाइट पाद्री आणले. १७८९ सालीं चर्चें पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपाकडे दिलीं. १७९१ सालीं तीं परत फिरवलीं. आणि १७९४ सालीं दोन पक्षांत वांटून टाकलीं. गोवा व रोम यांमधील हा तंटा पुरता मिटण्यास १९२८ साल उजाडलें. मराठी अंमलाच्या पस्तीसेक वर्षांत मात्र उरण, साष्टी व वसईच्या चर्चवर गोव्याचाच अधिकार चालला आणि सरकारनें त्यांत हात घातला नाहीं. धर्म एकच, मध्यें एक खाडी, आणि संकट मात्र स्वधर्मीयांच्या राज्यांत अधिक! उरणचा हा काळ १७७४ च्या अखेरीस संपला. इंग्रजांनीं साष्टीबरोबर करंजाही घेतलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडे कायम झालें. पुढें मोऱ्याचें बंदर मीठ व मोहाची दारू यांच्या व्यापारानें भरभराटलें. त्याचा इतिहास वेगळा लिहावा लागेल.

सर्वच टिकले असें नाहीं. १८२० व १८२८ सालीं विठ्ठल हरि नाईक वैद्य व रामचंद्रबाबा जोशी यांच्या पुढाकारानें कांहीं ख्रिस्ती आगरी हिंदु धर्मांत परत आले. त्यांस ‘उरप’ किंवा ‘वरप’ आगरी हें नांव पडलें. युरोप शब्दाचा हा अपभ्रंश. पेशवाई बुडाल्यानंतर, इंग्रजी राज्यांत ही शुद्धि व्हावी, हें विचार करण्यासारखें आहे. मराठ्यांच्या तलवारीनें जें झालें नाहीं तें चर्च दुर्बळ झाल्यानें आणि शेजारच्या जातभाईंच्या ओढीनें झालें, असें आम्हांस वाटतें.

मग उरलेले कशानें टिकले? पाद्री महिनोन्‌महिने न दिसणाऱ्या गांवीं लोकांजवळ एक गोष्ट उरत असे, ती म्हणजे पुराण. फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हा. त्याच्या दहा हजारांवर ओव्या उपवासकाळांत वाचल्या जात. उत्तर कोंकणापुरतें याहून जवळचें म्हणजे फ्रान्सिस्को वाझ द गिमारायिंश याचें पुराण. तें लिस्बन येथें १६५९ सालीं रोमन लिपींत छापलें. भाषा मात्र या किनाऱ्यावरील ख्रिस्ती रयतेची मराठी बोली. आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १६८४ सालीं, गोव्याच्या सरकारनें देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला! वसई पडल्यावर इकडे त्या हुकमास विचारणारा कोणी राहिला नाहीं. फिरंगी राज्य गेल्यानें येथील ख्रिस्ती माणसाची प्रार्थनेची भाषा वांचली, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

स्टीफन्सच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत हातीं लागलेली नाहीं. जें उरलें तें हातानें उतरलेल्या पोथ्यांत. त्यांतील मार्सडेनच्या संग्रहांतली प्रत देवनागरींत आहे. ती लंडनमध्यें पडून होती आणि जस्टिन ॲबट यांच्या दृष्टीस पडेपर्यंत विसाव्या शतकाचीं पहिलीं दोन दशकें उलटून गेलीं होतीं. बाकीच्या पोथ्या बहुधा रोमन लिपींत असतात, आणि धोका येथेंच आहे. अशी पोथी जुन्या पेटींत सांपडली म्हणजे घरचा मनुष्य ती लॅटिन समजून पाद्र्याकडे नेतो, संग्राहक पोर्तुगीज समजून परत ठेवतो, आणि वाळवी कोणतीही लिपि मानीत नाहीं. उरण, वसई, साष्टी या बाजूस ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांनीं रोमन अक्षरांतलें असें बाड दिसल्यास पहिलीं चार पानें मोठ्यानें वाचून पाहावीं. ओवीचें वळण कानास लागलीच ओळखूं येतें. नक्कल करतांना मूळचें रोमन लेखन जसेंच्या तसें ठेवावें. देवनागरींत उतरून शुद्ध केलेली प्रत बोलीच्या अभ्यासास निरुपयोगी ठरते.